१०-९ ची ती एक फेरी: एमएमएतले जज, रेफरी आणि आपला संताप

दुसरी_बाजू

एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत. परवा त्यातली जॉन जोन्स विरुद्ध डॉमिनिक रेयेस ही लढत पुन्हा पाहिली. यूएफसी (या लढती भरवणारी कंपनी) २४७, ८ फेब्रुवारी २०२०, ह्यूस्टन. थेट पाहिली होती तेव्हा निकाल ऐकून इतकी चिडले होते की दोन दिवस डोक्यात दुसरा विषय नव्हता. तिन्ही जजांनी लढत जोन्सला दिली, दोघांनी ४८-४७ आणि एकाने थेट ४९-४६ (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक ९, अशी पाच फेऱ्यांची बेरीज). जोरदार फटक्यांची मोजणी काढली तर रेयेसचे ११६ आणि जोन्सचे १०४.

या वेळी वही-पेन घेऊन बसले. फेरी संपली की व्हिडिओ थांबवायचा, आकडा लिहायचा, मगच पुढे जायचं. पहिली रेयेसची. दुसरी रेयेसची. चौथी आणि पाचवी जोन्सच्या, त्यात मला शंका नाही. राहिली तिसरी. ती तीनदा पाहिली आणि दोनदा रेयेसला, एकदा जोन्सला दिली. म्हणजे ज्या निकालाला मी इतकी वर्षं लूट म्हणत आले, तो एका फेरीवर लटकलेला होता आणि ती फेरी माझी मलाच धड ठरवता येत नाही.

४९-४६ मात्र आजही पटत नाही. त्या जजच्या कार्डावर, म्हणजे गुणपत्रिकेवर, रेयेसला पाचपैकी एकच फेरी मिळाली, म्हणजे पहिल्या दोनपैकी निदान एक जोन्सला दिलेली असणार. मला ती कुठेच सापडली नाही.

तर मुद्दा असा. आपण लढत अख्खी लक्षात ठेवतो. जज तिचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करतात आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याला एकच माप लावतात. केसाच्या अंतराने जिंकलेली फेरी १०-९, आणि समोरच्याला झोडपून काढलेली फेरीही बहुतेक वेळा १०-९. जज विकले गेलेत असं म्हणणं सोपं आहे, मीही म्हटलंय. आता वाटतं की हातात असलेली मापं (एकतर्फी फेरीला १०-८ वगैरे) वापरलीच जात नाहीत, खरं दुखणं ते आहे. तुम्हीही वह्या काढा आणि बोला.

पाचवी_फेरी

मापाचं मान्य, पण माणसांना इतक्या सहज सोडू नका. डिएगो सांचेझ आणि रॉस पिअर्सन, जून २०१४, आल्बुकर्की. पिअर्सन बाजूला सरकून नेमके ठोसे मारतोय, सांचेझ जोर लावून हवेत हात फिरवतोय आणि प्रत्येक फिरवलेल्या हाताला सभागृह ओरडतंय, कारण सांचेझ तिथलाच. निकाल सांचेझच्या बाजूने. त्यातल्या एका जजचं कार्ड ३०-२७ सांचेझ! तिन्ही फेऱ्या! तिथे कोणतं माप आडवं आलं? त्या माणसाने लढत पाहिली की प्रेक्षकांचा आवाज मोजला, एवढंच मला विचारायचंय.

आणि लियोटो माचिदा विरुद्ध शोगुन हुआ, ऑक्टोबर २००९. शोगुनने पाच फेऱ्या मांड्यांवर, बरगड्यांवर लाथा घातल्या. माचिदाची चाल बदलली ती उघड दिसत होती. तिन्ही कार्डं ४८-४७ माचिदा. सहा-सात महिन्यांनी मे २०१०मध्ये पुन्हा भिडले आणि शोगुनने पहिल्याच फेरीत त्याला झोपवलं. किताबाचा पट्टा मिळाला, पण ज्याला अशी दुसरी संधी मिळत नाही त्याचं काय?

रात्रपाळी

मी हा खेळ वर्षभरापासूनच बघतोय, म्हणून अगदी पायाचा प्रश्न विचारतो. १०-९ कशावरून देतात? फटके जास्त म्हणून फेरी जिंकली असं असेल तर यंत्रानेच मोजावं. तसं नसेल तर नक्की काय बघतात? आणि जज यूएफसीचेच पगारी असतात का?

दुसरी_बाजू

शेवटच्यापासून सुरू करते. अमेरिकेत जज आणि रेफरी यूएफसी नेमत नाही. लढत ज्या राज्यात असेल तिथलं अॅथलेटिक कमिशन नेमतं, नेवाडात नेवाडाचं, टेक्ससमध्ये टेक्ससचं. म्हणून तर एखादा निकाल फसला की यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट कमिशनवर तुटून पडताना दिसतात.

सुरुवातीला जज नव्हतेच. १९९३च्या पहिल्या यूएफसीत एक जण हरेपर्यंत लढायचं, बस. मग एप्रिल १९९५मध्ये रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक ३६ मिनिटं एकमेकांना धरून राहिले आणि लढत बरोबरीत सोडावी लागली. वेळेची मर्यादा आली की कोणीतरी निकाल द्यावाच लागतो. त्याच वर्षाअखेरीस जज आले, आणि पुढे १९९९मध्ये बॉक्सिंगची दहा गुणांची पद्धत जशीच्या तशी उचलली गेली: फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा कमी. पण बॉक्सिंगमध्ये बारा फेऱ्या असू शकतात, एखादी चुकली तरी पुढे भरून निघते. इथे साध्या लढतीत तीन आणि किताबाच्या लढतीत पाच. तीन फेऱ्यांच्या लढतीत एक फेरी चुकली की खेळ खलास.

काय बघतात ते २०१७पासून लागू झालेल्या निकषांत बरंच स्पष्ट केलंय. आधी परिणामकारक फटके आणि परिणामकारक ग्रॅपलिंग, म्हणजे धरपकड आणि पकडी. त्यात दोघं अगदी तंतोतंत सारखे असतील तरच आक्रमकता, आणि तीही सारखी असेल तरच जागेवरचा ताबा. म्हणजे ‘तो सारखा पुढे सरकत होता’ हे कारण बहुतेक फेऱ्यांत मोजायचंच नाही. आणि फटके किती हा प्रश्नच नाही, फटक्यांनी काय केलं हा प्रश्न आहे. ज्याने गुडघे लटपटले तो एक ठोसा दहा टपल्यांपेक्षा मोठा.

जाळीपलीकडे

दुसरी_बाजूंनी नियम नीट सांगितलाय. मी खुर्चीबद्दल सांगतो, कारण काही वर्षं मी हौशी लढतींना जज म्हणून बसलोय. मोठ्या लढती नव्हत्या, पण खुर्ची तीच.

तीन जज पिंजऱ्याच्या तीन बाजूंना असतात. तुमच्यासमोर जाळी, जाळीला जाड गादी लावलेला खांब, आणि त्या खांबाआड पिंजऱ्याची एक चीर कायमची गायब. दोघं समोरच्या जाळीला जाऊन भिडले की तुम्हाला एकाची पाठ दिसते. पाठीमागून कोपर हलताना दिसतं, धप्प आवाज येतो. तो आवाज गालावरचा, हातावरचा की जाळीचा हे कळत नाही. त्याच क्षणी तिसऱ्या बाजूच्या जजला सगळं लख्ख दिसत असतं. घरी बसलेल्याला तर चार कॅमेरे असतात. मोठ्या लढतींत आता जजांपुढे पडदे ठेवतात, पण जाळीवरून पडद्याकडे आणि पडद्यावरून जाळीकडे नजर नेताना अर्धा सेकंद जातो, आणि या खेळात अर्ध्या सेकंदात माणूस पडतो.

फेरी संपली की एक मिनिट. छोट्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, सही करायची, माणूस येऊन ती घेऊन जातो. गेली की गेली. पुढच्या फेरीत तुम्हाला वाटलं की मघाशी आपण चुकलो, तर ते पोटात ठेवायचं. हिशोब बरोबर करायला पुढची फेरी वळवायची नाही, ती दुसरी चूक होईल.

माझी एक चूक अजून विसरता आलेली नाही. दोन मुली, तिसरी फेरी, एकेक फेरी दोघींकडे. शेवटचं मिनिटभर त्या माझ्यापासून सर्वांत लांबच्या जाळीला होत्या. मला निळ्या हातमोज्यांची पाठ दिसत होती, ती रेटत होती, मी तिला १०-९ दिली. लढत तिच्याकडे गेली. नंतर आयोजकांकडचं चित्रण पाहिलं. त्या मिनिटात लाल हातमोज्यांची मुलगी जाळीला टेकूनच कोपरं मारत होती, एकामागून एक, आणि निळीची भुवई तिथेच फाटली होती. मला रक्त दिसलं होतं, पण ते घंटा झाल्यावर. कशाने आलं ते दिसलं नव्हतं. निकाल जाहीर झाल्यावर ती लाल हातमोज्यांची मुलगी कोणावर ओरडली नाही. प्रत्येक जजच्या खुर्चीकडे एकदा बघून खाली उतरली.

सांचेझला ३०-२७ देणाऱ्याची मी बाजू घेत नाहीये. पण ‘लढत पाहिली का’ या प्रश्नाचं खरं उत्तर बरेचदा ‘एका बाजूने पाहिली’ असं असतं.

गार्ड_ते_माउंट

जाळीपलीकडे, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

ग्रॅपलिंगवाल्यांच्या बाजूने एक सल मांडते. मी स्वतः जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींचा खेळ) करते, पाठ मिळवायला किती कष्ट पडतात ते अंगाला माहीत आहे. नव्या निकषांनंतर टेकडाउन करून, म्हणजे समोरच्याला खाली पाडून, वर नुसतं पडून राहणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. बरोबरच आहे, मिळू नये. पण त्याच झटक्यात काही जज खऱ्या धोक्याच्या पकडींनाही कमी लेखतात असं मला वाटतं. ठोशाने डोकं मागे गेलं की सगळ्या सभागृहाला दिसतं. गळ्याखाली हात गेला आणि समोरचा तीस सेकंद दोन बोटांच्या फटीतून श्वास घेतोय, हे दिसायला चटईवर घालवलेली वर्षं लागतात. नियमात दोन्हीचं वजन एकच आहे.

शॉन ओमॅली विरुद्ध पीटर यान, अबू धाबी, ऑक्टोबर २०२२. यानने पुन्हा पुन्हा खाली नेलं, ओमॅलीने उभ्याने जबर मारलं, यानचा चेहरा फुटला. दोन जज ओमॅली, एक यान. बहुतेक जण यान म्हणाले. मी पुन्हा पाहिल्यावर पहिली आणि तिसरी ओमॅलीला दिली आणि माझी मलाच जड गेली, कारण मन यानकडे होतं. टेकडाउननंतर यानने काय केलं, हा प्रश्न विचारल्यावर उत्तर फार मोठं येईना.

पाचवी_फेरी

पहिली ओमॅलीला? मी अजिबात देणार नाही, आणि मी ती लढत पाच वेळा पाहिलीय.

पण तुमची कसोटी चांगली आहे. टेकडाउन झालं, पुढे काय? तीच कसोटी पॅडी पिंब्लेट–जॅरेड गॉर्डनला लावा. डिसेंबर २०२२, तिन्ही कार्डं २९-२८ पिंब्लेट. पहिल्या फेरीत गॉर्डनचा डावा हुक पुन्हा पुन्हा नेमका लागत होता. तिथे फटकेही गॉर्डनचे होते आणि परिणामही. नाव मोठं असलं की हवेतला ठोसाही लागलेला दिसतो, हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार.

कोपरा

सगळे जजांवरच बोलताय, रेफरीवर कोणी येईना. मी दोन-तीन पोरांच्या कोपऱ्यात, म्हणजे फेऱ्यांमधल्या मदतीला, उभा राहिलोय, म्हणून मला जजपेक्षा रेफरीची भीती जास्त वाटते. जज चुकला तर निकाल जातो. रेफरी चुकला तर माणूस जातो.

जुलै २०२०, अबू धाबी, जय हर्बर्ट आणि फ्रान्सिस्को त्रिनाल्डो. तिसऱ्या फेरीत त्रिनाल्डोच्या ठोशाने हर्बर्ट कोसळला. त्रिनाल्डो स्वतः थबकला. त्याने रेफरी हर्ब डीनकडे पाहिलं, म्हणजे मारणाऱ्यालाच पुढे मारावंसं वाटत नव्हतं. थांबवल्याची खूण आली नाही, मग त्याने पडलेल्या माणसावर आणखी हात टाकले. समालोचनाला बसलेला डॅन हार्डी, जो स्वतः लढलेला माणूस आहे, जागेवरून ओरडला की थांबवा. तो थबकलेला सेकंद मी विसरू शकत नाही.

त्याआधी फेब्रुवारी २०१८मध्ये ब्राझीलच्या बेलेममध्ये वॅलेंटिना शेवचेन्को आणि प्रिसिला काशोएरा. एकूण फटके २३० विरुद्ध ३. दोनशे तीस विरुद्ध तीन! लढत दुसऱ्या फेरीत शेवटी चोकने, म्हणजे गळा आवळून, संपली. रेफरीने तोवर नुसतं पाहिलं.

आता दुसरं टोक. मार्च २०१९, रॉबी लॉलर आणि बेन आस्क्रेन. आस्क्रेनने डोकं बगलेत आवळलं, लॉलरचा एक हात सैल पडल्यासारखा दिसला, त्याच हर्ब डीनने लढत थांबवली. लॉलर तत्क्षणी शुद्धीत उभा, काय झालं विचारतोय. हाच डीन एकदा लवकर, एकदा उशिरा. मी त्याला वाईट रेफरी म्हणणार नाही, त्याने हजारो वेळा बरोबर केलंय. पण माझ्या पोराच्या बाबतीत दोन्हींतली एकच चूक निवडायची असेल तर मी डोळे मिटून लवकरची निवडतो. लॉलर रागावून घरी गेला. घरी गेला, हे महत्त्वाचं.

शांतपणे

कोपरा यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण सहमती.

फक्त एक भर. लवकर थांबवल्याचा राग येतो तेव्हा आपण संथ गतीतला व्हिडिओ बघत असतो. रेफरीला संथ गती मिळत नाही. जानेवारी २०१९ला ब्रुकलिनमध्ये हेन्री सेहूडो–टीजे डिलशॉ ३२ सेकंदांत थांबवली, तेव्हा डिलशॉ अजून एका पायाला धरून होता म्हणून ओरड झाली. खऱ्या गतीत पाहा, तो तिथवर दोनदा पडून उठलेला दिसतो. मी असते तर मीही मध्ये पडले असते.

जाळीपलीकडे

रेफरीच्या हातातलं न वापरलं जाणारं माप म्हणजे गुणकपात. धाग्याच्या मूळ मुद्द्याशी ते थेट जुळतं, म्हणून लिहितो.

लिऑन एडवर्ड्स–बेलाल मुहम्मद, मार्च २०२१. पहिल्या फेरीत एडवर्ड्सचं बोट डोळ्यात गेलं, ताकीद मिळाली. दुसऱ्या फेरीच्या १८व्या सेकंदाला पुन्हा गेलं, आणि या वेळी मुहम्मद वेदनेने रडत होता. लढत रद्द. ना कोणी जिंकलं ना हरलं. पहिल्याच वेळी एक गुण कापला असता तर दुसऱ्या वेळी तो हात उघडा पुढे आला असता का? मुहम्मदला हिशोब चुकता करायला जुलै २०२४ उजाडावं लागलं, मँचेस्टरला त्याने एडवर्ड्सचा पट्टाच घेतला. समोरच्याच्या तोंडाकडे बोटं ताणून हात पुढे धरणं हाच मुळात फाउल आहे, डोळ्यात बोट जायची वाट बघायची गरज नाही. तरी आपण दर आठवड्याला पाहतो की रेफरी ‘बोटं मिट’ म्हणतो, पुन्हा म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणतो. शेवटी टॉम अॅस्पिनॉल–सिरिल गान सारखी लढत, ऑक्टोबर २०२५, हेवीवेटचा किताब पणाला, पहिल्याच फेरीत डोळ्यात बोटं आणि लढत रद्द.

रात्रपाळी

मग कापत का नाहीत?

जाळीपलीकडे

कारण तीन फेऱ्यांच्या लढतीत एक गुण म्हणजे जवळपास निकाल. २९-२८ची लढत २८-२८ होते. रेफरीला वाटतं, मी निकाल ठरवू नये. माझं म्हणणं, न कापूनही तो ठरवतोच, फक्त ज्याच्या डोळ्यात बोट गेलं त्याच्या विरुद्ध.

ज्याने कापला त्याचंही उदाहरण देतो. डिसेंबर २०२०, फिगेरेदो आणि ब्रँडन मोरेनो, फ्लायवेटचा किताब. तिसऱ्या फेरीत फिगेरेदोची लाथ जांघेत लागली, जेसन हर्झॉगने ताकिदीवर न भागवता एक गुण कापला. कार्डं लागली ४७-४६ फिगेरेदो, ४७-४७, ४७-४७. बरोबरी. तो गुण कापला नसता तर तिन्ही कार्डं फिगेरेदोची होती. केवढी हिंमत लागली असेल! मोरेनोला पुन्हा संधी मिळाली आणि जून २०२१मध्ये त्याने चोक लावून पट्टा घेतला. त्या गुणकपातीला त्या वेळी शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. आज ती मला त्या वर्षातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

गार्ड_ते_माउंट

यान–स्टर्लिंगचा विषय राहतोय. मार्च २०२१, यूएफसी २५९. चौथी फेरी, स्टर्लिंगचा गुडघा जमिनीवर, यानने डोक्यावर गुडघा हाणला. अपात्र. यूएफसीत फाउलमुळे पट्टा बदलला अशी ती पहिली वेळ. स्टर्लिंगला नाटकी म्हणून किती छळलं लोकांनी! आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की त्याने काय करायला हवं होतं हे कोणीच सांगत नाही. सुन्न डोक्याने उठून लढायचं? निर्णय त्याचा नव्हताच. फाउल जाणूनबुजून की नकळत, हे रेफरी मार्क स्मिथला ठरवायचं होतं. नकळत ठरला असता तर तीन फेऱ्या पूर्ण झालेल्या असल्याने निकाल कार्डांवर गेला असता. त्याने जाणूनबुजून ठरवला, आणि चित्रण पाहून मलाही तसंच वाटतं. गुडघा टेकलेला आहे हे यानला समोर दिसत होतं.

नियम खटकणं वेगळं आणि निर्णय चुकणं वेगळं. २००९ला जोन्स मॅट हॅमिलविरुद्ध वरून सरळ खाली आणलेल्या कोपरांमुळे अपात्र ठरला. त्याच्या नावावरचा तो एकच पराभव. तो नियम मला कधीच पटला नाही, त्याच कोपराला थोडा तिरका कोन दिला की चालत होतं. नोव्हेंबर २०२४पासून तो नियम गेला. पण त्या रात्री तो होता, आणि रेफरीने तो लावला.

पाचवी_फेरी

ठीक आहे, रेफरीबद्दल तुम्ही मला बरंच वळवलंत. पण मूळ मुद्दा ‘मापं वापरा’ हा असेल तर माझा एक रोकडा प्रश्न. सप्टेंबर २०२३, अलेक्सा ग्रासो आणि वॅलेंटिना शेवचेन्को, दुसरी लढत. एका जजने ४८-४७ शेवचेन्को, दुसऱ्याने ४८-४७ ग्रासो, आणि माइक बेलने पाचवी फेरी ग्रासोला १०-८ दिली, म्हणून त्याचं कार्ड ४७-४७. लढत बरोबरीत, पट्टा ग्रासोकडेच. त्याने साधं १०-९ दिलं असतं तर शेवचेन्को जिंकून चॅम्पियन झाली असती. वापरलं की माप! झालं काय?

दुसरी_बाजू

हा प्रश्न यायलाच हवा होता. काल रात्री ती फेरी पुन्हा पाहिली.

पाचवीचा बराच भाग बरोबरीचा आहे. शेवटी शेवचेन्कोचा डाव फसतो, ग्रासो पाठीवर जाते, वरून ठोसे घालते. ते शेवटचं दीड-दोन मिनिटांचं काम नक्कीच ग्रासोचं. १०-८ साठी तीन गोष्टी पाहायच्या असतात: मार किती बसला, वर्चस्व किती होतं, आणि ते किती वेळ टिकलं. मार होता, पण शेवचेन्को संपत आलीय असं कुठे वाटलं नाही. वर्चस्व शेवटी होतं. वेळ अपुरा. माझ्या वहीत १०-९ ग्रासो, आणि लढत शेवचेन्कोची.

म्हणजे बेल चुकले असं माझं मत. पण यावरून १०-८ कमी द्या असा अर्थ मी काढणार नाही. मी उलटं म्हणते. १०-८ इतकं दुर्मीळ ठेवलंय की ते नक्की कशाला द्यायचं याची जजांमध्ये एक नजरच तयार होत नाही. एक जज द्यायला तयार, दोन स्वप्नातही देणार नाहीत. रोज वापरात असलेली पट्टी हातात बसते, वर्षातून एकदा काढलेली थरथरते. सप्टेंबर २०२४ला शेवचेन्कोने ग्रासोवर पाचही फेऱ्या जिंकून पट्टा परत घेतला, पण मधलं वर्ष तिला कोण परत देणार?

शांतपणे

उघडी गुणमोजणी हा उपाय कोणीच काढला नाही. प्रत्येक फेरीनंतर कार्ड जाहीर करायचं. कॅन्ससमध्ये २०२०पासून त्याला परवानगी आहे आणि इन्व्हिक्टाने महिलांच्या लढतींत ते वापरलंही. जज चुकतील तेव्हाही चुकतीलच, पण लढणाऱ्याला कळेल तरी की तो हरतोय. २०१६च्या जानेवारीत कार्लोस कॉन्डिट पाचवी फेरी संपल्यावर आपणच जिंकलोय अशा चेहऱ्याने उभा होता. त्याचे १७६ फटके, लॉलरचे ९२. दोन जजांनी लॉलरला दिली. आपण मागे आहोत हे त्याला ठाऊक असतं तर पाचवी फेरी तो कसा लढला असता?

कोपरा

मी याच्या विरोधात होतो. पुढे असलेला पळत राहील आणि शेवटची फेरी मरेल असं वाटायचं. पण कोपऱ्यात उभं राहून, मिनिटभरात पाणी देत, बर्फ लावत, पोराला ‘तू दोन फेऱ्या पुढे आहेस’ असं मी सांगितलंय आणि ते खोटं निघालंय. खोटं बोललो नव्हतो, मला तसंच दिसलं होतं. तो शेवटची फेरी सांभाळून लढला. माझ्या शब्दावर. त्या दिवसापासून मी उघड्या मोजणीच्या बाजूचा आहे.

जाळीपलीकडे

जज म्हणून मला तिची एक भीती वाटते. पहिल्या फेरीचा आकडा फलकावर लागला आणि सभागृह तुमच्या नावाने ओरडायला लागलं, तर दुसऱ्या फेरीत हात तसाच स्थिर राहील? माझा राहिला असता असं छातीठोकपणे म्हणत नाही. तरी कोपरा यांची गोष्ट वाचून मन हलतंय.

एक प्रयोग सुचवतो. जॉर्जेस सेंट-पिएर विरुद्ध जॉनी हेंड्रिक्स, यूएफसी १६७, १६ नोव्हेंबर २०१३. फक्त पहिली फेरी. त्या लढतीत तिन्ही जज बाकीच्या चार फेऱ्यांवर एकमताचे होते, दोन-दोन. पहिली फेरी दोघांनी सेंट-पिएरला दिली, एकाने हेंड्रिक्सला, आणि वेल्टरवेटचा पट्टा तिथेच ठरला. आवाज बंद करून पाहायची. एकदाच. मागे न्यायची नाही, थांबवायची नाही. संपली की मिनिटाच्या आत इथे आकडा आणि एक कारण. सेंट-पिएरचा शेवटी सुजलेला चेहरा डोक्यातून काढायचा, तो पुढच्या फेऱ्यांचा आहे. आणि २०१३चे निकष आजचे नव्हते हे लक्षात ठेवा, तेव्हा ताब्याला जास्त किंमत होती. पण आपण आजच्या निकषांनी द्यायची.

गार्ड_ते_माउंट

१०-९ हेंड्रिक्स. सुरुवातीचं टेकडाउन सेंट-पिएरचं, पण हेंड्रिक्स लगेच उठला, त्यातून काही हाती आलं नाही. जाळीजवळची कोपरं हेंड्रिक्सची. मी टेकडाउनवाली आहे, तरी हेंड्रिक्स.

शांतपणे

१०-९ हेंड्रिक्स. जवळची होती. कोपरं आणि गुडघे.

कोपरा

१०-९ सेंट-पिएर. त्याचे सरळ ठोसे जास्त स्वच्छ लागले असं दिसलं. आवाज नसल्याने हेंड्रिक्सची कोपरं मला तितकी जड वाटली नाहीत. पूर्वी मी ही फेरी हेंड्रिक्सला दिली होती, आवाजासकट.

पाचवी_फेरी

दहा वर्षं सगळीकडे लिहीत आलोय की ही लढत लुटली गेली. आत्ता पाहिली, एकदाच, आवाज बंद. शेवटच्या मिनिटापर्यंत हेंड्रिक्स धरून होतो, मग सेंट-पिएरचे दोन चांगले लागले आणि हातातला आकडा डळमळला.

१०-९ हेंड्रिक्स. लिहायला ५० सेकंद लागले.

दुसरी_बाजू

१०-९ सेंट-पिएर.

म्हणजे तीन-दोन. आता याच पद्धतीने जोन्स–रेयेसची तिसरी. उद्या रात्री दहापर्यंत आकडे टाका, जाळीपलीकडे, या वेळी तुम्हीही.

जाळीपलीकडे

टाकतो. समोरच्या जाळीजवळचं जे दिसणार नाही, ते दिसलं नाही असंच लिहीन.